प्रार्थना करूनही संकट हटत नाही, मग विश्वास टिकवायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई वर्षभर डायलिसिसवर आहे, त्यात तुमची नोकरी गेली. घरात उपास-प्रार्थना चालू आहेत, तरी काही बदलत नाही. घरसभेतले (घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेतले) एक-दोघं म्हणाले, "तुमचा विश्वास कमी पडतोय." तर विश्वास वाढवायचा कसा आणि देव हे का होऊ देतो?

आधी त्या वाक्याचा निकाल लावू या. ते डोक्यात आहे तोवर बाकी कशाचाच उपयोग नाही. पुण्यात कॅम्पापासून पिंपरीपर्यंत कुठल्याही मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हे वाक्य कानावर पडतं. मी रुग्णभेटीला जातो, घरसभा घेतो, आणि या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. बोलणारा ते बोलून घरी जाऊन जेवतो. ऐकणारा मात्र रात्रभर स्वतःची झडती घेत बसतो: मी कुठे कमी पडलो, कुठली प्रार्थना अर्ध्या मनाने केली. आजारी माणसावर आजाराचं ओझं असतंच, त्यात आता अपराधाचं घालायचं. हा सरळ सरळ अन्याय आहे, आणि पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, त्याला आधार नाही.

प्रेषित पौलाच्या सोबत्यांकडेच बघा. त्रफिम आजारी होता म्हणून पौलाने त्याला मिलेतात मागे ठेवलं (२ तीमथ्य ४:२०). एपफ्रदीत मरणाच्या दारात जाऊन आला (फिलिप्पै २:२७). तीमथ्याला पोटाचा त्रास होता, वारंवार आजारपण यायचं. त्याला पौल "विश्वास वाढव" असं सांगत नाही, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो (१ तीमथ्य ५:२३). खुद्द पौलाने शरीरातला काटा (सतत सलणारा त्रास) काढावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढंच उत्तर आलं (२ करिंथ १२). आता या चौघांचा विश्वास कमी होता असं कोणी म्हणणार असेल तर खुशाल म्हणो.

पण या विषयावर खरं बोलतं ते ईयोबाचं पुस्तक. बहुतेक जण पहिले दोन अध्याय आणि शेवटचा वाचतात, मधले एकोणचाळीस सोडून देतात, आणि घोळ तिथेच होतो. ईयोबाची गुरंढोरं गेली, सात मुलगे आणि तीन मुली एकाच दिवशी गेल्या, मग अंगभर फोड उठले. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र ठरवून भेटायला आले. लांबून त्यांना तो ओळखूही आला नाही. ते मोठ्याने रडले, अंगावरची वस्त्रं फाडली, आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. सगळ्या पुस्तकात त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम हेच. मग त्यांनी तोंड उघडलं. अलीफज विचारतो, निर्दोष माणूस कधी नाश पावलाय का? बिल्दद तर दहा मुलं गमावलेल्या बापाला सांगतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, त्याचं फळ मिळालं (८:४). सोफर म्हणतो, तुझ्या अधर्माच्या मानाने देव तुला कमीच शिक्षा करतोय (११:६). बोलणं तिघांचंही धार्मिक आहे, त्यातली कितीतरी वाक्यं भिंतीवर लावावीत अशी आहेत. ईयोब मात्र देवाशी भांडतो, जन्मदिवसाला शाप देतो, खटला मागतो.

आणि निकाल काय लागला ते ४२:७ मध्ये वाचा. देव अलीफजला म्हणतो, माझा क्रोध तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर भडकला आहे, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं योग्य बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. त्यांना सात बैल आणि सात मेंढे घेऊन ईयोबाकडे जावं लागलं, आणि ज्याला उपदेश केला त्यानेच त्यांच्यासाठी प्रार्थना केली. तुमच्या घरसभेतल्या त्या एक-दोघांना हा अध्याय वाचून दाखवा. शांतपणे, पण दाखवा.

"का" याचं उत्तर ईयोबालाही मिळालं नाही. स्वर्गात देव आणि सैतान यांचं काय बोलणं झालं होतं ते वाचकाला कळतं, त्याला शेवटपर्यंत सांगितलं जात नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी "पाप कोणाचं, याचं की आईबापांचं?" विचारलं तेव्हा प्रभू येशूने दोन्ही नाकारलं (योहान ९:३). शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त अपराधी होती का, यालाही त्याने "नाही" म्हटलं (लूक १३:४). माझ्याकडे याहून जास्त उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे आहे असं ते सांगतात त्यांच्यापासून जरा लांब राहा.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. पंडिता रमाबाईंनी तरुणपणीच आईवडील गमावले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला, पदरात लहानगी मनोरमा. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, दुष्काळात अनाथ झालेल्या शेकडो मुलींना तिथे आसरा मिळाला. त्या कामाची धुरा जिच्याकडे जायची ती मनोरमा १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाईंनी पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम सोडलं नाही, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्यांनीही देह ठेवला. त्यांच्या विश्वासाला कोण कमी म्हणणार आहे?

आता कसं टिकायचं ते. विश्वास म्हणजे मनात सारखं बळ वाटणं, ही समजूत काढून टाका. देवाशी बोलणं तोडलं नाही, एवढं पुरे. तक्रार करा, पण त्याच्याकडेच करा. त्यासाठी स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं आहेत, मोठ्याने वाचायला मिनिट लागतं. पहिल्या दोन वचनांत "किती काळ" हा सवाल चार वेळा येतो. तिसऱ्या-चौथ्यात मागणं आहे: बघ, उत्तर दे, माझ्या डोळ्यांना प्रकाश दे. पाचव्या-सहाव्यात भरवसा. एक वही करा आणि याच क्रमाने रोज चार-पाच ओळी लिहा. तक्रार नेमकी हवी. "प्रभू, आमच्या अडचणी दूर कर" असं नको, "या महिन्याचं घरभाडं कुठून आणू?" असं. भरवशाची ओळ ज्या दिवशी सुचणार नाही त्या दिवशी लिहू नका. स्तोत्र ८८ मध्ये ती ओळ नाहीच, ते अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूनेही तीन वेळा तेच मागणं तेच शब्द वापरून मागितलं. तेव्हा तीच प्रार्थना रोज केली तर नवीन शब्द नाहीत म्हणून लाजू नका.

दुसरं, शरीराकडे बघा. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली आडवा झाला तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याची सुरई दिली, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं (१ राजे १९). रात्रभर दवाखान्यात जागून सकाळी विश्वास आटल्यासारखा वाटतो, तेव्हा बहुतेक वेळा कमी पडलेली असते झोप. आईजवळ बसायच्या पाळ्या लावा. मंडळीतल्या दोघांना एकेक दिवस मागून घ्या, आपणहून कोणी विचारेल याची वाट बघू नका. पहिल्या आठवड्यात घरात उभं राहायला जागा नसते, दीड-दोन महिन्यांनी चिटपाखरू फिरकत नाही. यात दुष्टपणा नसतो, लोकांना वाटतं आता यांची घडी बसली असेल. म्हणून नेमकं काम सांगा: मंगळवारचा डबा, शनिवारी दवाखान्यातून घरी सोडणं.

भेटायला येणाऱ्यांना डायलिसिसच्या काही गोष्टी आधीच बजावून ठेवा, कारण प्रेमानेच नुकसान होतं. नारळपाणी, केळी, मोसंबीचा रस, सुका मेवा आणू नका म्हणावं. त्यात पोटॅशियम भरपूर, मूत्रपिंड ते बाहेर टाकत नाही, आणि ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) ज्या हातावर आहे तो हात धरून किंवा दाबून प्रार्थना करायची नाही, खांद्यावर किंवा दुसऱ्या हातावर हात ठेवावा. मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी तेल लावून प्रार्थना करायची (याकोब ५:१४), जरूर करावी, पण तेल कपाळाला. फिस्टुलाच्या हाताला किंवा मानेत नळी असेल तर तिच्या आसपास अजिबात नको, जंतुसंसर्ग होतो. आईने उपास धरायचा नाही. तिच्यासाठी धरायचा असेल तर धडधाकट माणसांनी धरावा.

पैशाचं म्हणाल तर, दवाखान्यातल्या समाजसेवकाला आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला (दवाखान्यात बसणाऱ्या मदतनीसाला) याच आठवड्यात भेटा. रेशनकार्ड, आधार आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हे मागणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. याउलट कोणी "आधी पेरणी करा (म्हणजे दान द्या), मग चमत्कार" म्हणत अंगावरचं सोनं मागितलं तर दार लावून घ्या. त्या सोन्यावर आईच्या औषधांचा हक्क आहे.

काही गोष्टी राहिल्या, त्याही सांगतो. देव बरं करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तो मागितलं की करेलच, हे मात्र कोणी वचन म्हणून विकू नये. प्रत्येक दुःख ईयोबाचं नसतं. दारू किंवा उधारीमुळे घर बुडत असेल तर तिथे पश्चात्तापच हवा. नवरा मारत असेल तर तो क्रूस समजून सोसायचा नाही, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करायचा. आणि तुम्हाला स्वतःला आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जगणं नको वाटत असेल, तर १४४१६ वर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. पौलाच्या बरोबर लूक होता आणि तो वैद्य होता (कलस्सै ४:१४), तेव्हा डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा कसला?

आई उपासनेला येऊ शकत नसेल तर पाळकांना (पास्टरना) घरी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या नावाने भाकर आणि प्याला, द्यायला बोलवा. ते नाही म्हणत नाहीत, फक्त त्यांना आठवण करून द्यावी लागते. डायलिसिसचा दिवस देऊ नका, चार तास मशीनवर काढून माणूस गळून गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ द्या. प्याल्यातला घोट डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दिवसाच्या पाण्याच्या हिशेबात धरा, आणि त्या दिवशी स्तोत्र आईलाच निवडू द्या.