दोन महिन्यांच्या बाळाने पाच दिवस शी केली नाही. फक्त अंगावरच पितं. बद्धकोष्ठ आहे का?

बहुधा नाही. फक्त आईच्या दुधावर असलेलं बाळ पहिल्या महिन्यात दिवसातून सहा-सात वेळाही शी करतं, आणि साधारण दीड महिन्यानंतर अचानक चार-पाच दिवस, कधी आठवडाभरही करत नाही. आईचं दूध जवळजवळ सगळं पचतं, बाहेर टाकायला उरतंच थोडं. किती दिवसांनी झाली यापेक्षा कशी झाली ते बघा: पिवळी, मऊ, पातळसर असेल तर ते बद्धकोष्ठ नव्हे. कडक खडे पडले तर बद्धकोष्ठ. कुंथणं, लालबुंद होणं हे या वयात मऊ शीलाही होतं.

बाळ नीट पितंय, दिवसात सहा-सात वेळा सू करतंय, वजन वाढतंय, पोट मऊ आहे, तर थांबा. वरच्या दुधावरच्या बाळाला मात्र इतके दिवस थांबू नका, डॉक्टरांना विचारा.

घरातली मोठी माणसं विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाची कांडी लावायला सांगतील. प्रेमाने नाही म्हणा. एरंडेल, मध, गुटी, वरचं पाणीही नको. वर्षाच्या आत मध तर चाटवूच नये, त्यातून बोट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा) होऊ शकतो.

पोट फुगून टणक झालं, हिरवी उलटी झाली, ताप आला, पिणं कमी झालं किंवा शीत रक्त दिसलं तर लगेच, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा. शी पांढरट, खडूसारखी झाली तरीही, कारण ते यकृताच्या पित्तनलिकेचं दुखणं असू शकतं आणि त्यात उशीर महागात पडतो. हिरवी शी एवढ्यानेच घाबरू नका. आणि जन्मानंतरची पहिली काळी शी दोन दिवसांपेक्षा उशिरा झाली असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.