४० मशीनच्या ऑफिसात फायरवॉल बसवताना /२४ चे सबनेट पाडावेत का?

पाडा, पण /२६ चा (म्हणजे /२४ हा पत्त्यांचा गट, म्हणजेच सबनेट, त्याचा चौथा हिस्सा) हिशोब नंतर, आधी सगळ्या वायरी जिथे जोडतात तो स्विच बघा. तुम्ही लिहिलंय की स्विच एकच आहे, तोही साधा, आणि १९२.१६८.१.० चे चार तुकडे करून ऑफिस, कॅमेरे, बायोमेट्रिक आणि गेस्ट वायफाय वेगळं करणार. भाऊ, ते फक्त कागदावर वेगळं होतं.

जळगाव एमआयडीसीत एका दालमिलला हेच करून ठेवलेलं. शेठचे मेव्हणे नेटवर्कची कामं घेतात, त्यांनी चार /२६ पाडले, प्रत्येकात ६२ पत्ते, एक्सेलमध्ये रंगीत तक्ता, आणि वायरी मात्र सगळ्या एकाच साध्या स्विचमध्ये, त्याच्यावर डाळीचा भुसा इतका की लाइटी दिसेनात. मी म्हटलं व्हीलॅन नाही, म्हणजे स्विचच्या आतच पोर्टांचे वेगळे गट केलेले नाहीत, तर याला काही अर्थ नाही. तर म्हणे एका सबनेटमधून दुसरा दिसतच नाही, तुम्ही पुस्तकी बोलता. मग मी वजनकाट्याच्या केबिनमागच्या कॅमेऱ्याची वायर काढून लॅपटॉपला लावली, हाताने ऑफिसच्या रेंजमधला आयपी टाकला आणि शेठसमोर टॅलीच्या मशीनचं शेअर फोल्डर उघडून दाखवलं. फायरवॉलच्या लॉगमध्ये एक ओळ नाही, कारण पॅकेट तिकडे गेलंच नाही. शेठ मेव्हण्यांकडे बघताय, मेव्हणे पत्र्याकडे. बिल मात्र त्यांचं पूर्ण निघालं अन् माझं निम्मं अडकलं, जाऊ द्या.

तर मॅनेज्ड स्विच घ्या, म्हणजे ज्यात व्हीलॅन करता येतात तो, आणि फायरवॉलकडे जाणारा पोर्ट ट्रंक करा, म्हणजे एकाच वायरीवरून सगळे व्हीलॅन जातील. आणि /२६ ची कंजुषी कशाला, खाजगी पत्ते काय विकत घ्यायचेत? प्रत्येक व्हीलॅनला सरळ /२४ द्या, व्हीलॅन १० ला १०.१०.१०.०, २० ला १०.१०.२०.०, म्हणजे रात्री फोनवरून पण समजावता येतं. १९२.१६८.१ टाळाच, कितीतरी घरच्या राउटरला तोच असतो, कोणी घरून व्हीपीएनने ऑफिसला जोडलं की दोन्हीकडे तेच पत्ते, मग गोंधळ. एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) कॅमेऱ्यांच्याच व्हीलॅनमध्ये ठेवा, नाहीतर रेकॉर्डिंगचा सगळा लोंढा चोवीस तास फायरवॉलमधून जाणार.

पीएफसेन्स या फायरवॉलच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्या इंटरफेसवर (म्हणजे नव्या व्हीलॅनच्या जोडणीवर) नियम टाकेपर्यंत सगळं बंद असतं, मग लोक घाबरून एनी-टू-एनी, म्हणजे कुठूनही कुठेही जाऊ द्या असा नियम, टाकून मोकळे होतात. मेव्हण्यांनी तेच केलेलं. असंच करायचं होतं तर शेठला फायरवॉलचा खर्च कशाला सांगितला?

हां, प्रिंटरचं राहिलंच. तो दुसऱ्या व्हीलॅनमध्ये गेला की आपोआप सापडत नाही, आयपी टाकून जोडावा लागतो, बहुतेकदा फायरवॉलमध्ये छपाईचा ९१०० पोर्ट उघडावा लागतो. स्टाफ पहिले काही दिवस शिव्या देईल, ते धरून चाला.