मेलमन ३ चं वेब-पान उघडतं, पण पडताळणीची मेल येत नाही. लॉगिन कसं करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दादरच्या तुमच्या ग्रंथालयातल्या ४०० सभासदांसाठी उबुंटू सर्व्हरवर मेलमन (एका पत्त्यावर आलेली मेल सगळ्या सभासदांना वाटणारं, म्हणजे मेलिंग लिस्ट चालवणारं सॉफ्टवेअर) बसवलंत, अ‍ॅडमिन खातं केलंत, आणि आता ते म्हणतं की आधी ईमेल पडताळा. ती मेल मात्र येत नाही.

मीही इथेच अडकलो होतो. गिरगावातली आमची चाळ पाडली तेव्हा मंडळी विरारपासून बदलापूरपर्यंत पांगली. त्यांना एकत्र ठेवायला मी हा उद्योग मांडला आणि दोन रात्री वेब-पानाचीच सेटिंग्ज उलटीपालटी करत बसलो. चूक पानात नव्हतीच.

तुम्हाला दिसतं ते वेब-पान म्हणजे पोस्टोरियस. तो नुसता काउंटर आहे. लिस्ट, सभासद, मेल वाटणं हे सगळं मागे मेलमन कोर करतो, जुन्या मेल हायपरकिटी साठवतो, आणि पत्रं प्रत्यक्ष आणणं-नेणं पोस्टफिक्स या मेल-सर्व्हरचं काम. पडताळणीची मेलसुद्धा त्याच वाटेने जाते. म्हणून आधी ब्राउझर बंद करा, टर्मिनलवरून स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा आणि पोस्टफिक्सचा लॉग बघत राहा. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ दिसलं, तर क्लाउडवाल्याने बाहेर जाणारं पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो दरवाजा) बंद ठेवलेलं असण्याची शक्यता मोठी. बरेच जण ठेवतात. मग त्यांना विनंती करा, नाहीतर पोर्ट ५८७ वरून एखाद्या रिले सेवेमार्फत (तुमची मेल पुढे पोचवणाऱ्या सेवेमार्फत) पाठवा.

हे जमलं की उलटी दिशा. लिस्टच्या पत्त्यावर आलेली मेल पोस्टफिक्सने ८०२४ पोर्टवर कोरच्या हवाली करायची असते. त्यासाठी मेलमनने तयार केलेली एलएमटीपीची (सर्व्हरमधल्या सर्व्हरमध्ये मेल सोपवण्याच्या पद्धतीची) यादी पोस्टफिक्सच्या ट्रान्सपोर्ट मॅप्समध्ये आणि लोकल रेसिपियंट मॅप्समध्येही लिहावी लागते. ते राहिलं तर ‘यूजर अननोन’ म्हणून पत्र परत येतं.

पुढचं किरकोळ. मेलच्या विषयात ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ दिसलं, तर जँगोच्या (वेब-पान ज्यावर चालतं त्या चौकटीच्या) अ‍ॅडमिनमध्ये साइटचं नाव बदला. जुन्या मेल दिसत नसतील, तर हायपरकिटीची आर्काइव्हर की (कोर आणि हायपरकिटीमधला परवलीचा शब्द) कोरच्या आणि वेब-पानाच्या अशा दोन्ही सेटिंग्ज-फाइलींत एकच आहे ना ते बघा. माझ्याकडे एका फाइलीत शेवटी एक रिकामी जागा जास्त होती, तेवढ्यात रविवार गेला.

एक गोष्ट मात्र सोडू नका. याहूने एप्रिल २०१४ मध्ये डीमार्क (पाठवणाऱ्याचं नाव खरं आहे का ते तपासायचा नियम) कडक केल्यापासून, याहूवाल्या सभासदाचं पत्र लिस्टवरून त्याच्याच नावाने पुढे गेलं की इतरांचे सर्व्हर ते नाकारतात. लिस्टच्या सेटिंग्जमध्ये डीमार्क मिटिगेशनखाली ‘फ्रॉम’च्या जागी लिस्टचा पत्ता घालायचा पर्याय निवडा. एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल तुमच्याच डोमेनवरून आली याचे पुरावे) लावायचे आहेतच.

आणि सभासद एकगठ्ठा चढवताना ‘प्री-कन्फर्म्ड’ आणि ‘प्री-व्हेरिफाइड’ दोन्हींवर टिक करा, म्हणजे त्यांना होकार विचारणारी मेल जात नाही. अर्थात त्यांनी तुम्हाला आधीच होकार दिला असेल तरच. मी हे विसरलो. सगळ्यांना इंग्रजीत ‘कन्फर्म करा’ अशी मेल गेली आणि रात्री साडेदहाला दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा फोन: “अरे, तुझ्या नावाने कोणीतरी फ्रॉड करतंय रे!”