कॅम्पग्राउंडचं सभासदत्व घ्यावं का?

प्रश्न : अमेरिकेत आम्ही गाडीमागे जोडून न्यायचा, आत राहता येणारा ३० फुटी ट्रेलर घेतलाय. खासगी कॅम्पग्राउंडवाले (ट्रेलर लावून मुक्काम करायच्या जागांचे मालक) सभासदत्वासाठी मागे लागलेत. घ्यावं का?

उत्तर : आधी हिशेब मांडा. समजा, सुरुवातीला ४,००० डॉलर आणि वर्षाला ६०० वर्गणी, मग रात्रीचं वेगळं भाडं नाही. सुरुवातीची रक्कम दहा वर्षांत विभागली तर वर्गणीसकट वर्षाला १,००० पडतात. एरवी रात्रीला ५० मोजत असाल, तर २० रात्री राहिलात तरच पैसे वसूल. मुलं शाळेत असतील तर एवढ्या रात्री निघणं कठीण, आणि उन्हाळी शनिवार-रविवारी जागा मिळणंही अवघड असतं.

करारात सलग किती रात्री राहता येतं, वर्गणी किती वाढू शकते आणि ट्रेलर विकल्यावर ती थांबते का, हे वाचाच. अनेकजण इथेच अडकतात. ट्रेलरमध्ये दोन एसी असतील तर ५० अँपिअरची (जास्त क्षमतेची) वीजजोडणी असलेल्या जागा किती, तेही विचारा. आधीच्या सभासदाचं सभासदत्व आपल्या नावावर हस्तांतरित होऊन बरंच स्वस्त मिळू शकतं. मात्र अशा हस्तांतरणात सवलती कमी होतात का, ते लेखी घ्या.