रात्रपाळीच्या नव्या भिडूला

पहिल्याच आठवड्यात झोपेच्या गोळीचा विषय काढू नकोस, मित्रा. चाकणला ११ वर्षं रात्रपाळी केली. खरा घोळ सकाळी घरी येतानाच होतो. कोवळं ऊन डोळ्यांवर आलं की मेंदूला वाटतं दिवस उजाडला, आणि मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं संप्रेरक, बसतं दडून. मी कंपनीच्या बसमध्ये काळा गॉगल लावून बसायचो. पोरं हसायची, हसू देत.

चहाचंही तेच. कॅफिन अर्धं उतरायलाच ५-६ तास लागतात. सकाळी ८ला आडवं व्हायचं तर रात्री १नंतर कटिंग बंद.

खिडकीला जुनी सोलापुरी चादर ठोक, अगदी कडेच्या फटीसकट. फोन स्वयंपाकघरात. २० मिनिटांत डोळा लागला नाही तर कुशी बदलत पडू नकोस. उठून अंधुक उजेडात बस, पेंग आली की परत जा. उठायची वेळ मात्र ठरलेली, झोप लागो न लागो. सुट्टीच्या दिवशीही. (तिथे मीच कित्येकदा माती खाल्लीय.)

महिनाभरात फरक पडला नाही, किंवा घोरताना तुझा श्वास अडकतो असं घरचे म्हणाले, तर सरळ डॉक्टर गाठ.