सोपवलेला अधिकार

प्रश्न : आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी काही महिने परगावी जाण्यापूर्वी किरकोळ बिले मंजूर करण्याचे अधिकार सचिवांना दिले. ठरावाच्या मसुद्यात मी ‘प्रत्यायोजन’ हा शब्द योजला होता. तो इथल्या सरकारी हिंदीतला आहे, मराठी नव्हे, असे म्हणून एका ज्येष्ठ सभासदांनी तो खोडला आणि ‘हस्तांतरण’ असे लिहिले. योग्य काय?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : ‘प्रत्यायोजन’ हा संस्कृत घडणीचा शब्द मराठी शासनव्यवहारातही चालतो, त्यामुळे हिंदीचा म्हणून तो खोडण्याचे कारण नव्हते. त्याच्या जागी आलेला शब्द मात्र सरळसरळ चुकीचा आहे. हस्तांतरण झाले की हक्क मूळ धन्याच्या हातून जातो. प्रत्यायोजनात अधिकार ज्याचा त्याच्याकडेच राहून केवळ त्याचा वापर दुसऱ्याकडे सोपवला जातो, तो परत घेता येतो आणि सोपवणारा जबाबदारीतून सुटत नाही. अध्यक्ष परतल्यावर सही कोणाची, यावरून वाद माजायला ‘हस्तांतरण’ एवढा एक शब्द पुरेल.

विभक्तीही सांभाळावी. अधिकार सचिवांकडे प्रत्यायोजित होतात, सचिवांना प्राधिकृत केले जाते. ‘सचिवांना प्रत्यायोजित केले’ म्हटले, तर बिचारे सचिवच कोठेतरी रवाना झाल्यासारखे वाटते. महाविद्यालयांच्या फलकांवर ‘राष्ट्रीय मूल्यांकन एवं प्रत्यायन परिषद’ या नावात दिसणारे ‘प्रत्यायन’ निराळे. त्याचा अर्थ मान्यता देणे असा आहे.

घर-जमिनीच्या व्यवहारात याच जातीचा ‘मुखत्यार’ हा अरबीतून आलेला शब्द रुळलेला आहे. एका कामापुरते असते ते मुखत्यारपत्र आणि सर्वसाधारण कामांसाठी असते ते कुलमुखत्यारपत्र. मराठेशाहीत मूळ अधिकाऱ्याच्या वतीने कारभार पाहणाऱ्याला ‘मुतालिक’ म्हणत. इतका नेमका शब्द आज केवळ आडनावात उरावा, याची आम्हांला खंत वाटते. नेमलेल्याने ते काम पुढे तिसऱ्याच्या गळ्यात घालावे काय, याचे उत्तर 1872 च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम 190 मध्ये आहे : जे काम स्वतः करण्याचे प्रतिनिधीने पत्करले आहे, ते त्याला दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही, व्यापारातील रूढी तशी मुभा देत असेल किंवा कामाच्या स्वरूपामुळे तसे करणे भागच असेल तेव्हाच अपवाद होतो.

सभेत वाचून दाखवायच्या ठरावात तर ‘सोपवणे’ हे साधे क्रियापद आम्हांला अधिक बरे वाटते : ‘अध्यक्षांच्या अनुपस्थितीत 5,000 रुपयांपर्यंतची बिले मंजूर करण्याचा अधिकार सचिवांकडे सोपवण्यात येत असून, तो त्यांना अन्य कोणाकडे सोपवता येणार नाही.’ रकमेचा आकडा आपल्या सोयीने बदलावा, परंतु मुदतीची तारीख अवश्य घालावी.