रात्रीचा टोर्नेडो जास्त जीवघेणा का ठरतो? आणि त्यानंतर गावाचं काय होतं?

मुख्य कारण म्हणजे लोक झोपलेले असतात आणि वादळ डोळ्यांना दिसत नाही. इशाऱ्याचे भोंगे घराबाहेर असलेल्यांसाठी असतात, बंद घरात गाढ झोपेत ते ऐकू येतीलच असं नाही. इशारा मिळून आसरा गाठायला बहुतेकदा मोजकी मिनिटंच हातात असतात. त्यात पत्र्याच्या, हलवता येणाऱ्या घरात (मोबाइल होम) राहणाऱ्यांचे हाल सर्वात वाईट. ती घरं उचलून फेकली जातात.

१० डिसेंबर २०२१ च्या रात्री अमेरिकेतल्या केंटकी राज्यात हेच झालं. एकाच टोर्नेडोने २५० किलोमीटरहून जास्त पट्टा उद्ध्वस्त केला, पन्नासहून अधिक माणसं गेली. मेफील्डमध्ये मेणबत्त्यांच्या कारखान्यात रात्रपाळी चालू होती. छत कोसळलं आणि नऊ कामगार दगावले. गावातल्या जुन्या न्यायालयाचा घड्याळाचा मनोराही पडला. केंटकीतल्याच डॉसन स्प्रिंग्ज गावातल्या एका कुटुंबाचा १९४२ चा फोटो सुमारे २०० किलोमीटरवर, शेजारच्या इंडियाना राज्यात, एका गाडीच्या काचेला चिकटलेला सापडला. ते वाचूनच माझ्या पोटात कालवलं होतं.

पुढे मलबा हटतो, पण घरं लवकर उभी राहत नाहीत. भाडेकरू तर बऱ्याचदा गावच सोडतात. लहान मुलं नुसत्या वाऱ्याच्या आवाजाने दचकून उठतात.

तुमच्या भागात हा धोका असेल तर मोबाइलवरचा आपत्कालीन इशारा रात्री बंद ठेवू नका. बॅटरीवर चालणारा हवामान रेडिओ उशाशी असू द्या, आणि बूट पलंगाखाली. अंधारात काचांवरून चालावं लागतं.